तिसऱ्या शिफ्टची झोप

आमच्या घरात तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात दिवसा कुणी बोलत नाही. बोललंच तर कुजबुजतं. बेलची वायर आईने केव्हाच काढून ठेवली आहे. कुकर लावायचा तर सकाळी आठच्या आत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. मिक्सर आठवडाभर कपाटात. कुरिअरवाला खालून हाका मारायला लागला की मी जिन्यात जाऊन त्याला हातवारे करते. रहाटणीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला काळा पडदा असला की नवनाथ आत झोपलेत.

नवनाथ म्हणजे माझे पप्पा. चाकणला एका कंपनीत पत्रे दाबायची प्रेस चालवतात. तिसरी, म्हणजे रात्रीची शिफ्ट तीन आठवड्यांतून एकदा येते, पण पप्पा दुसऱ्यांचीही मागून घेतात. लोक तिच्यापासून पळतात आणि हे हौसेने जातात. आई म्हणते, भत्त्यासाठी. मलाही तसंच वाटायचं.

तर त्या दिवशी अठरा जुलै होती आणि दुपारी चार वाजता माझी सीट जाणार होती.

सीट भूशास्त्राची. पुण्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला माझा नंबर लागला होता, पहिल्याच यादीत, एकूण जागा वीस. प्रवेश पक्का करायला वेबसाइटवर एक बटण दाबायचं होतं. ते दाबलं की पालकांच्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो टाकला की झालं. पालकांचा मोबाइल म्हणजे पप्पांचा. फॉर्म भरताना सायबरवाल्याने विचारलं आणि मी शहाणीसारखा पप्पांचाच नंबर सांगितला. आता तो मोबाइल पप्पांच्या उशाखाली होता, आणि पप्पा काळ्या पडद्याआड.

इंजिनिअरिंगचाही फॉर्म भरून ठेवलेला होता. तो पप्पांच्या मनातला. त्याची यादी अजून आठ दिवसांनी लागणार होती. माझी मैत्रीण दीक्षा कॉम्प्युटरला जाणार होती, बिल्डिंगमधली झाडून सगळी पोरं कॉम्प्युटरला जाणार होती. मी एकटीच दगडांच्या मागे लागले होते.

ते खूळ मागच्या उन्हाळ्यातलं. बिल्डिंगचं पाणी आटलं म्हणून आवारात बोअर घ्यायची ठरली. गाडी आली, दोन दिवस नुसता धुरळा आणि धडधड. बायका खिडक्या लावून शिव्या देत बसल्या, मी मात्र खाली जाऊन उभी राहिले. बोअरवाला दर दहा फुटांनी वर आलेल्या चुऱ्याची एक छोटी ढिगली करून ठेवायचा. आधी मुरूम, मग काळा दगड, काळाच, काळाच, आणि एकशे तीस फुटांवर अचानक कुंकवासारखी लाल माती. त्याच्या खाली पुन्हा काळा. मी विचारलं, "काका, एवढ्या खोल लाल कुठून आली?" तो म्हणाला, "येते कुठं कुठं." एवढंच. मी लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, प्रत्येक ढिगलीतला मूठभर चुरा भरला, वर फूट लिहिले आणि ज्युनिअर कॉलेजातल्या अनिता मॅडमना दाखवल्या. त्या म्हणाल्या, लाव्हारस एकदा आला, थंड झाला, मग पुष्कळ वर्षं काहीच आलं नाही. तेवढ्या काळात त्या दगडाची माती झाली, ऊन-पाऊस खाऊन लाल झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि तिच्यावर बसला. आमच्या पार्किंगच्या खाली! मला त्या रात्री झोप लागली नाही.

बाटल्या घेऊन मी नाचत घरी आले तर पप्पांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "घरात दगड नको." रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. मी हुज्जत घातली, तर जेवण अर्धं टाकून उठले. बाटल्या गच्चीवर टाकीच्या मागे गेल्या. मला वाटलं, अडाणीपणा. हे मी मनातल्या मनात म्हटलं होतं, पण म्हटलं होतं.

पप्पांचं गाव किल्लारीच्या शेजारचं. भूकंपात त्यांची आई आणि धाकटी बहीण गेली, ते दहा वर्षांचे होते, एवढं मला माहीत होतं. आईने एकदा सांगितलं होतं आणि वर, "त्यांना विचारू नको," अशी तंबीही दिली होती. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते पुस्तकातल्या धड्याइतकंच लांबचं वाटायचं. भूकंप हा भूशास्त्रातला एक विषय आहे, हे तर माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात लाल माती होती.

त्या सकाळी पप्पा सव्वाआठला आले. डोळे लाल, शर्टाला तेलाचा वास. मी चहा दिला आणि म्हटलं, "पप्पा, ते कॉलेजचं..."

"झोपून उठलो की बघू, लेकरा."

नऊ वाजता दार लागलं. रोज ते साडेचारला उठतात. म्हणजे ते उठतील तेव्हा सीट जाऊन अर्धा तास झालेला असेल.

तुम्ही म्हणाल, उठवायचं की! एवढं काय त्यात? सांगते. नववीत असताना सहलीच्या फॉर्मवर सही हवी होती म्हणून मी त्यांना भर दुपारी गदागदा हलवून उठवलं होतं. हसत हसत सही केली त्यांनी. मग पुन्हा झोप लागली नाही. त्या रात्री प्रेसवर त्यांचा डोळा लागला आणि डाव्या हाताच्या करंगळीची दोन पेरं गेली. मला कुणी एक शब्द बोललं नाही. पप्पा तर म्हणाले, "करंगळीचा उपयोग तरी काय असतो?" पण सहलीला मी गेले नाही, आणि तेव्हापासून त्या दाराला मी हात लावलेला नव्हता.

दहा वाजले, अकरा वाजले. मी भाजी निवडली, फरशी पुसली, वेबसाइट उघडून बघितली. माझ्या नावापुढे लाल अक्षरांत "प्रलंबित" लिहिलेलं होतं. पुन्हा फरशी पुसली. दाराला कान लावला. पप्पा एरवी असे घोरतात की शेजारचे काका त्यावर घड्याळ लावतात, पण त्या दिवशी आतून नुसता पंख्याचा खरखराट येत होता. त्याचा रेग्युलेटर बिघडलाय, पंखा कायम पाचावर. त्यात घोरणं बुडून गेलं असेल असं मला वाटलं.

पावणेएकला आईचा फोन आला. ती भोसरीला पॅकिंगमध्ये आहे, जेवणाच्या सुट्टीत फोन करते.

"उठले का ते?"

"नाही. आई, चार वाजता बंद होणार आहे. उठवू का?"

पलीकडे डबे वाजत होते.

"फॉर्म पुढच्या वर्षी येतो, वर्षाली. बोट येत नाही."

"मग नको?"

"मी नको म्हणत नाही. मी कुठं नको म्हणलं? तुझं तू बघ बाई, मला घाम फुटलाय इथं." आणि तिने फोन ठेवला. आईचं हे नेहमीचं आहे, विस्तव माझ्या ओंजळीत ठेवते आणि भाजलं का म्हणून विचारते.

मी दारासमोर भिंतीला टेकून बसले. एक वाजला. दीड. जेवले नाही. दीक्षाचा मेसेज आला, "झालं का?" मी उत्तर दिलं नाही. दोन वाजता अनिता मॅडमचा आला, "यादीत तुझं अजून प्रलंबित दिसतंय, काही अडचण?" त्यालाही नाही. काय लिहिणार? पप्पा झोपलेत, असं?

अडीच वाजता मला एक गोष्ट कळली आणि ती कळल्यावर मी स्वतःलाच घाबरले. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते, पण हात दाराकडे जात नव्हता, आणि त्याचं कारण फक्त करंगळी नव्हतं. चार वाजून गेले असते तर मला हायसं वाटलं असतं. रडले असते, पप्पांवर आठ दिवस रुसले असते, आणि मग गुपचूप दीक्षाबरोबर कॉम्प्युटरला गेले असते. पुढे काही बिनसलं की म्हणायला मोकळी, तुमच्या झोपेपायी माझं भूशास्त्र गेलं. कारण मलाही धास्ती होतीच. वीस जणांत मुली किती असतील? नोकरी लागेल का? डोंगरात फिरायला जमेल का? आमच्यापैकी कुणीच असलं काही केलेलं नव्हतं. पप्पांच्या झोपेमागे लपून बसायला मला सोयीचं जात होतं.

तरीही मी उठले तेव्हा तीन वीस झाले होते. मी दारावर टकटक केली. एकदा. हळू.

"ये," आतून आवाज आला.

झोपेतून उठलेल्या माणसाचा आवाज असा नसतो. पण तेव्हा मला तेवढं सुचलं नाही. मी आत गेले, अंधारात पप्पा पलंगावर बसलेले होते.

"पप्पा, आज शेवटचा दिवस आहे. चारपर्यंतच. फक्त ओटीपी पाहिजे. लगेच झोपा परत. मी उठवणार नव्हते, खरंच नव्हते..." आणि मला रडू फुटलं.

"आज? आज सतराच ना?"

"अठरा, पप्पा."

"रातभर लेबलावर सतरा लिहीत होतो बघ. मला वाटलं उद्या हाय."

हे खरं असतं. तिसऱ्या शिफ्टला बारा वाजून गेले तरी मालावर आदल्या दिवसाचीच तारीख लिहितात, सकाळी सातपर्यंत. घरी येऊन पप्पा कितीदा तरी तारखेचा घोळ घालतात, आम्ही चिडवतो. मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे मुद्दाम नव्हतं! मी माझ्या मोबाइलवर बटण दाबलं, पप्पांच्या हातातला मोबाइल थरथरला. मी तो घेतला.

मोबाइल गरम होता. बॅटरी नऊ टक्के. ओटीपीच्या खाली एक व्हिडिओ अर्ध्यावर थांबवलेला होता, आवाज बंद. डोक्यावर हेल्मेट घातलेली एक बाई कड्याकडे बोट दाखवत होती. त्यामागे सुरजबरोबरच्या गप्पा उघड्या होत्या. सुरज म्हणजे पप्पांच्या लाइनवरचा पोरगा, चाकणजवळच्याच गावचा. पप्पांनी दहा वाजून बारा मिनिटांनी विचारलं होतं, "भूशास्त्र शिकल्यावर पोरींना खाणीत पाठवतात का रे?" सुरजने लिहिलं होतं, "दादा झोपा की. रातच्याला शिफ्ट हाय." अकरा चाळीसला पप्पांनी पुन्हा, "तुझ्या पाहुण्यात त्यातलं कुणी आहे म्हणाला होतास." त्यावर सुरज, "व्हय हाय. लई फिरतीचं काम हाय पर चांगलं हाय. आमी बोलतू त्याच्याशी." मग पप्पांचे आणखी मेसेज, एक पाच, एक पन्नास, दोन चाळीस. पप्पा सकाळपासून झोपलेच नव्हते.

"पप्पा, तुम्ही जागे होतात?"

त्यांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि छातीशी धरला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. ओटीपी दहा मिनिटंच चालतो, त्यातली दोन गेली होती.

"तारीख माहीत होती तुम्हाला."

"व्हती," ते म्हणाले. "तू बाहेर बसलीस तेबी कळत होतं. दोनदा फरशी पुसलीस."

"मग आला का नाहीत बाहेर?"

"आलो असतो तर हो म्हणावं लागलं असतं, न्हाईतर नाही म्हणावं लागलं असतं." ते खाली बघून बोलत होते. "दोन्ही माझ्यानं होईना. म्हणलं, चार वाजले की तारीखच ठरवंल."

मला राग यायला हवा होता. सहा तास मी त्या दाराबाहेर चोरासारखी बसले होते आणि आत हा माणूस टक्क जागा! पण मी तरी काय करत होते? आम्ही दोघंही एकाच दाराला दोन्ही बाजूंनी टेकून चार वाजायची वाट बघत होतो. मला राग आला नाही, नुसती भीती वाटली, की आता ही आठ मिनिटंही अशीच जातील.

"पप्पा, तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. पण सांगा."

त्यांनी मोबाइलवर काहीतरी केलं आणि माझ्यापुढे धरला. शोधायच्या रकान्यात त्यांनी मराठीत टाइप केलेलं होतं, चुकतमाकत: भूकंप आधी कळतो का.

"हे शिकवतात का त्यात?"

खोटं बोलायचा फार मोह झाला. हो म्हटलं असतं तर त्यांनी त्या क्षणाला ओटीपी दिला असता. घड्याळात तीन अठ्ठावीस.

"नाही, पप्पा. आधी कळत नाही. अजून कुणालाच सांगता येत नाही."

"मग काय करायचं शिकून?"

"कधी येणार ते नाही सांगता येत. पण कुठली जमीन कशी हलेल ते सांगता येतं. तिथं कसं घर बांधायचं, कसं नाही, ते सांगता येतं."

त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"आमच्या भिंती दोन हात रुंद होत्या. नुसत्या दगड-मातीच्या. वर मातीचं माळवद. मायला लई अभिमान त्या घराचा. उन्हाळ्यात गार राहतं म्हणायची. विसर्जन झालं होतं त्या दिवशी, नाचून नाचून दमलो आन् देवळाच्या पारावरच झोपलो. म्हणून राहिलो. पहाटं चारला गेलं सगळं." त्यांनी अर्ध्या करंगळीने कपाळ खाजवलं. "तवापासून रात्री झोप न्हाई मला, वर्षाली. चारच्या सुमाराला डोळे उघडे लागतात. कंपनीत असलं की बरं असतं. तुझ्या आईला वाटतं भत्त्यासाठी जातो."

अठरा वर्षं मी या माणसाच्या घरात राहतेय. इतकी वर्षं मी मिक्सर लपवला, पावलं न वाजवता चालले, आणि ते दिवसा का झोपतात हे एकदाही विचारलं नाही.

"कुणी आलं असतं गावात," ते म्हणाले, "आन् मायला सांगितलं असतं, या भिंती नको म्हणून... ऐकलं असतं का तिनं, काय माहीत. तिचा स्वभाव तुझ्यासारखा."

"कुणीतरी सांगायला तर हवं होतं," मी म्हटलं.

पप्पांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. चष्मा सापडत नव्हता. मग कंपनीत मापं सांगतात तसा एकेक आकडा सुटा सुटा, मोठ्याने वाचला. चार. शून्य. सात. सात. एक. नऊ. टाकताना मी एकदा चुकले. त्यांनी पुन्हा वाचला. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, मला वाटलं गेलं सगळं. मग लाल अक्षरं गेली आणि हिरवी आली. प्रवेश निश्चित. तीन बत्तीस.

आनंद झाला, पण तो एवढासाच टिकला. कारण लगेच माझी नजर त्यांच्या हातावर गेली. साडेनऊला कंपनीची बस, अकराला प्रेस, आणि सकाळपासून डोळ्याला डोळा नाही. नववीतली दुपार जशीच्या तशी समोर आली.

"आज सुट्टी टाका, पप्पा. पाया पडते."

"आता कसली सुट्टी. पाच तास हायत अजून. झोपतो की."

"झोप येईल?"

"बघू." त्यांनी पाय वर घेतले. "आन् त्या तुझ्या बाटल्या गच्चीवरनं खाली आण. ऊन लागत आसंल."

"दगडांना ऊन लागत नाही, पप्पा."

"तुला जास्त कळतं आता," ते म्हणाले आणि कूस बदलली.

मी पडदा नीट ओढला आणि दार लावायला वळले.

"वर्षाली. दार उघडंच ठेव."

"आवाज येईल बाहेरचा."

"येऊ दे. तू हितंच बस उंबऱ्याशी. काही हाललं तर उठव मला."

मी उंबऱ्यावर बसले. आईला मेसेज केला, झालं म्हणून, आणि येताना जिन्यात चप्पल वाजवू नकोस म्हणून. पंखा पाचावर खरखरत होता. थोड्या वेळाने त्याच्यावरून पप्पांचं घोरणं ऐकू यायला लागलं, चांगलं मोठं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. मी पाय पोटाशी घेतले आणि जमिनीवर तळहात ठेवून बसून राहिले. साडेआठला, बससाठी त्यांना उठवायची वेळ होईपर्यंत, काहीच हललं नाही.